अपठित उताऱ्याची शंभर वर्षे

दरवर्षी जानेवारी उजाडला की आमच्या महाविद्यालयात बारावीच्या जादा तासांचे वेळापत्रक फलकावर लागते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. परंतु इंग्रजीची एक जागा बरीच वर्षे रिकामी असल्यामुळे सरावाचे काही तास आमच्याकडेही येतात. पहिल्या वर्षी आम्ही थोडे बिचकलो, तेव्हा आम्हांस सांगण्यात आले, "उतारा आणि त्याखालचे प्रश्न एवढेच करून घ्या. त्याला इंग्रजी फार लागत नाही." त्या वेळी हे वाक्य आम्ही हसण्यावारी नेले. पुढे काही वर्षे ते तास घेतल्यावर ध्यानात आले की ते वाक्य शब्दशः खरे आहे. इंग्रजी वाचता येते की नाही हे तपासण्यासाठी ठेवलेला प्रश्न इंग्रजी फारसे न येताही सोडवता येतो. असे का व्हावे, आणि हे कधीपासून असे आहे, याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

आधी ती युक्ती सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील इतिहासाला अर्थ नाही. मुलांना सांगितले जाते की उतारा आधी वाचायचाच नाही. प्रथम प्रश्न वाचावेत, प्रश्नातील मोठा शब्द किंवा विशेषनाम हेरावे, तो शब्द उताऱ्यात जेथे सापडेल तेथे पेन्सिलीने रेघ मारावी, आणि ते वाक्य, जमल्यास पुढचेही एक, उत्तर म्हणून उतरवून काढावे. हे किती चालते याचा पडताळा मराठीतच घेता येईल. पुढील दोन वाक्ये पाहा: 'तीन ढपले कुरंड्यावर भिसळत होते. इतक्यात एका मोटळ्याने त्यांना झिरपटले.' आता प्रश्न: ढपले किती होते? ते कोठे भिसळत होते? त्यांना कोणी झिरपटले? वाचकांना तिन्ही उत्तरे आली असतील. पैकीच्या पैकी गुण. ढपला म्हणजे काय हे मात्र आम्हांलाही ठाऊक नाही, कारण हे शब्द आम्हीच आता लिहिता लिहिता बनवले.

म्हणजे वाक्यातील कर्ता कोणता, स्थळ कोणते, संख्या कोणती, एवढे ओळखण्याचे कसब आणि वाचलेले समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीलाही काही मोल आहे. परंतु गुणपत्रिकेवर ती दुसरीचे नाव घेऊन वावरते.

आता थोडे मागे जाऊ. मेकॉलेचे १८३५ चे टिपण सर्वांना माहीत असते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याहून परिणामकारक ठरला तो १८४४ मधील हार्डिंग यांचा ठराव, ज्याने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य दिले. त्या दिवसापासून इंग्रजी वाचन आणि उदरनिर्वाह यांची गाठ पडली ती आजतागायत सुटलेली नाही. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे विद्यार्थी तिच्यातून बाहेर पडले. 'वाघिणीचे दूध' हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने सांगितला जाणारा शब्दप्रयोग आजही इंग्रजीच्या शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत डोकावतो.

त्या काळी इंग्रजी वाचणे म्हणजे काय होते? नेमलेले पुस्तक असे, त्यातील प्रत्येक वाक्याचा अन्वय, पदच्छेद, व्याकरण आणि भाषांतर होई. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडील कित्येक पिढ्या पोसल्या. या रीतीत वेग नव्हता, रसिकता कमी होती. पण न समजता वाक्य ओलांडून जाण्याची सोय तिच्यात नव्हती. समजले नाही तर भाषांतर अडे, आणि भाषांतर अडले की मास्तरांना कळे. तिचा दोष निराळा होता. पुस्तक नेमलेले असल्यामुळे भाषांतरही पाठ करता येई. स्पष्टीकरणे, गोषवारे, कठीण शब्दांचे अर्थ यांच्या छापील 'नोट्स' बाजारात आल्या आणि मुले पुस्तकाऐवजी त्या घोकू लागली. लॉर्ड कर्झन यांनी नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने १९०२ च्या अहवालात नेमके हेच दुखणे सांगितले: भारतात परीक्षा शिक्षणासाठी नसून शिक्षण परीक्षेसाठी चालते.

घोकंपट्टीवर उपाय काय? विद्यार्थ्याने पूर्वी कधीही न पाहिलेला मजकूर त्याच्यासमोर ठेवावा, म्हणजे पाठ करायला काही उरणारच नाही. ही कल्पना इंग्लंडमधील शाळांना नवी नव्हती. लॅटिन आणि ग्रीक भाषांच्या परीक्षांत न पाहिलेल्या उताऱ्याचे भाषांतर करण्याचा प्रश्न तेथे असेच. आपला 'अपठित उतारा' त्याच घराण्यातला. मराठीत 'उतारा' या शब्दाचा एक अर्थ विषावरील औषध असाही आहे. पाठांतराच्या विषावरचा उतारा म्हणूनच तो आपल्या परीक्षांत रुजला, असे म्हणता येईल.

परंतु उताऱ्याखाली भाषांतराऐवजी बारीक बारीक प्रश्न आले ते दुसऱ्या वाटेने. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने शिक्षकांच्या गुणदानाचा अभ्यास केला. एकाच उत्तराला निरनिराळे शिक्षक फार निरनिराळे गुण देतात, हे त्याला डाचत होते. त्यावर तोड म्हणून त्याने १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तीत उत्तर एकच बरोबर असेल आणि ते तपासायला तपासनिसाच्या मताची गरज पडणार नाही, अशी प्रश्नांची घडण होती. बहुपर्यायी प्रश्नांच्या आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. या प्रश्नप्रकाराच्या मुळाशी मुलाला काय समजले याच्या कुतूहलापेक्षा तपासणी सारखी आणि झटपट व्हावी ही निकड अधिक होती. निकड प्रामाणिक होती. लाखो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपल्या व्यवस्थेला ती आजही टाळता येत नाही.

त्याच सुमारास, १९१७ मध्ये, एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने परिच्छेद वाचताना मुले करीत असलेल्या चुकांवर एक निबंध लिहिला. त्याने मुलांना एक लहानसा परिच्छेद दिला होता. फ्रँकलिन नावाच्या गावी सात ते चौदा वर्षांच्या मुलांनी शाळेत जाणे सक्तीचे आहे, आजारपण किंवा वाट बंद असणे अशा कारणांनी सूट मिळते, असा त्याचा आशय. हा परिच्छेद कशाविषयी आहे असे विचारल्यावर काही मुलांनी नुसते 'फ्रँकलिन' एवढेच लिहिले. ठळक दिसणारा शब्द उचलायचा आणि पुढे ठेवायचा! आमच्या वर्गातील पेन्सिलीच्या रेघा आणि ही उत्तरे यांत आम्हांस फारसे अंतर दिसले नाही. थॉर्नडाइकचा निष्कर्ष असा की परिच्छेद वाचणे म्हणजे गणित सोडवण्यासारखे आहे. प्रत्येक शब्दाला योग्य ते वजन द्यावे लागते, कोणता शब्द कोणाशी जोडायचा ते ठरवावे लागते, आणि एका शब्दाला वाजवीपेक्षा जास्त वजन दिले की सारे उत्तर कोसळते.

तिसरा माणूस आपल्या अधिक जवळचा. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील द्विभाषिकतेवरील त्यांचे पुस्तक १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा विचार साधा होता आणि त्या काळी तो धाडसाचाही होता. बहुसंख्य बंगाली मुलांना इंग्रजांशी बोलायचे नाही. त्यांना ज्ञानासाठी इंग्रजी वाचता यायला हवे. शिवाय पुष्कळ मुले मध्येच शाळा सोडतात. विमा मध्येच मोडला तरी काही रक्कम हाती यावी, तसे शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय पडते, हा प्रश्न त्यांनी विमाव्यवहारातील शब्द वापरून विचारला. बोलणे अर्धवट शिकलेल्याच्या हाती काही उरत नाही. वाचणे थोडे जरी आले तरी ते पुढे आपोआप वाढू शकते, म्हणून वाचन आधी. त्यासाठी त्यांनी वाचनपुस्तके तयार केली. नवे शब्द मोजून मापून, थोडे थोडे आणायचे. आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटवायचा. आणि मुलाला पानेच्या पाने, गोष्टीमागून गोष्ट वाचू द्यायची.

आता या तिघांना शेजारी ठेवून पाहा. केलीने वाचन मोजायचे साधन दिले, थॉर्नडाइकने वाचन म्हणजे विचार असे सांगितले, वेस्टने वाचन वाढवायची रीत दिली. आपल्या शाळांनी यांतले काय घेतले? आमच्या मते आपण केलीचे साधन उचलले आणि त्यालाच वेस्टची रीत समजून बसलो. ताप मोजण्याच्या नळीने ताप उतरवण्याचा हा प्रकार. विद्यार्थ्याने वर्षभर दोन-तीनशे पाने सोपे इंग्रजी वाचावे आणि शेवटी एका उताऱ्यावर ते तपासावे, हा क्रम होता. त्याऐवजी वर्षभर उतारेच सोडवावेत आणि शेवटी आणखी एक उतारा सोडवावा, असा तो झाला. या उताऱ्यांना मागचे नसते, पुढचे नसते, लेखकही बहुधा नसतो. असे पन्नास उतारे सोडवलेल्या मुलाने इंग्रजीतील एकही गोष्ट आरंभापासून शेवटपर्यंत वाचलेली नसते.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुंबई राज्यात काही वर्षे इंग्रजीचा आरंभ आठवीपासून होई. पुढे महाराष्ट्रात तो पाचवीवर आला आणि २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. १९५८ मध्ये हैदराबादेत इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने इंग्रजीला 'ग्रंथालयीन भाषा' म्हटले. म्हणजे उच्च शिक्षणातील ग्रंथ वाचण्यासाठी लागणारी भाषा. वेस्टच्या विचाराचाच हा नवा अवतार. याच आयोगाच्या शिफारशीतून आलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध सत्तरच्या दशकात महाराष्ट्राने स्वीकारला, आणि बारावीची परीक्षा हा घरोघरचा विषय झाला. धोरण सांगत होते की मुलांना ग्रंथ वाचता यावेत. परीक्षा विचारीत होती पानभराचा उतारा. आणि ज्या ग्रंथालयासाठी हा सारा खटाटोप, ते बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत एका कुलूपबंद कपाटात होते. आम्ही १९९० च्या दशकात बारावी झालो तेव्हा तरी चित्र हेच होते. त्या दोन वर्षांत 'युवकभारती' आणि 'अपेक्षित प्रश्नसंच' यांपलीकडचे इंग्रजी पुस्तक आम्ही हाती धरल्याचे आठवत नाही.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास आदी ठिकाणच्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांसमोर नकाशा किंवा आगगाडीचे वेळापत्रक ठेवायचे आणि त्यावरून एखादी अडचण सोडवायला लावायची. कोणती गाडी धरली तर वेळेत पोहोचू, याचे उत्तर कोणत्याही वाक्यात आयते लिहिलेले नसते. ते वाचूनच काढावे लागते. आपल्या मंडळाच्या प्रश्नपत्रिकाही बदलल्या. त्यांना आता 'कृतिपत्रिका' म्हणतात, आणि खरे-खोटे, शब्दार्थ, व्याकरण यांबरोबर अनुमान व स्वतःचे मत विचारणारे प्रश्नही त्यांत असतात. हे निश्चितच चांगले झाले. गंमत अशी की बाजाराने स्वतःच्या मतावरही तोडगा काढला. कोणत्याही विषयावर चालतील अशी पाच-सहा इंग्रजी वाक्ये तयार मिळतात. रिकाम्या जागी उताऱ्याचा विषय भरला की झाले 'वैयक्तिक मत'. घोकंपट्टीवर आणलेल्या औषधाचीच घोकंपट्टी झाली.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग ही युक्ती शिकवणे बंद करा. आम्हीही एका वर्षी तसे ठरवले होते. ते फार दिवस टिकले नाही, आणि न टिकण्याचे कारण सांगितले पाहिजे. आमच्याकडे येणारी बहुतांश मुले शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची. घरात बारावीपर्यंत आलेले ते पहिलेच माणूस. इंग्रजीत नापास झाले तर मुलाच्या हाती कोयता येतो आणि मुलीच्या डोक्यावर अक्षता पडतात. उताऱ्याचे गुण हा त्यांच्यासाठी बुडत्याला मिळालेला ओंडका असतो, आणि ज्याला स्वतःला पोहता येते त्याने तो काढून घेऊ नये. भरल्या पोटी युक्तीची निंदा करणे सोपे आहे. आम्ही आजही ती शिकवतो.

पण एका तासाला जे घडले त्यानंतर आम्ही तेवढ्यावर थांबत नाही. उतारा हिवाळ्यात दूरदेशी जाणाऱ्या पक्ष्यांविषयी होता. मागल्या बाकावरच्या एका मुलीने सगळी उत्तरे बरोबर लिहिली होती. पक्षी केव्हा जातात, का जातात, परत केव्हा येतात; प्रत्येक वाक्य जेथल्या तेथे, अक्षर सुरेख. आम्ही सहज विचारले, "आता मराठीत सांग बरं, हे पक्षी काय करतात?" ती गप्प. आम्हांस वाटले, इंग्रजी शब्द अडला असेल, म्हणून आम्हीच सांगितले, "अगं, स्थलांतर करतात." तरीही चेहऱ्यावर काही उमटेना. मग आम्ही पाठ्यपुस्तकी मराठी बाजूला ठेवली आणि म्हणालो, "तिकडं थंडी पडली की खायला मिळत नाही, म्हणून सगळा थवा उठून दुसऱ्या मुलखात जातो, आणि ऋतू पालटला की परत येतो." ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच की, सर. दिवाळी झाली की टोळी कारखान्यावर जाती, अन् पट्टा पडला की माघारी येती."

तिचे आईवडील त्या वेळीही कारखान्यावरच होते. ती गावी आजीजवळ राहून शिकत होती. उताऱ्यातील प्रत्येक गोष्ट त्या मुलीला वर्गातील कोणाहीपेक्षा, आमच्यापेक्षाही, अधिक ठाऊक होती. तिने तो उतारा पैकीच्या पैकी गुण मिळवून सोडवला होता आणि त्यात स्वतःचे घर आहे हे तिला दिसले नव्हते. आम्ही मराठीचे अध्यापक. आम्हांस अधिक टोचले ते हे की 'स्थलांतर' हा आमचा मराठी शब्दही तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता. तिच्या लेखी तोही एक ढपलाच होता. मराठीच्या प्रश्नपत्रिकेतही अपठित उतारा असतो, आणि तेथेही मुले हीच पेन्सिल चालवतात. इंग्रजीकडे बोट दाखवून आम्हांस सुटका नाही.

तेव्हापासून आमचा क्रम असा आहे. युक्तीने उत्तरे लिहून झाली की उतारा पालथा घालायचा आणि तो कशाविषयी होता हे प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीत दोन वाक्यांत सांगायचे. मग एक असा प्रश्न विचारायचा ज्याचे उत्तर उताऱ्यात लिहिलेले नाही. आणि शनिवारी एक तास कपाटाचे कुलूप उघडायचे. सोप्या इंग्रजीतील गोष्टींची काही जुनी पुस्तके त्यात निघाली, ती घरी न्यायला द्यायची. पहिले पुस्तक बहुतेक मुले न वाचताच परत आणतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कोणीतरी विचारते, "पुढं काय झालं ते ह्यात नाही का, सर?" हा प्रश्न उताऱ्याखाली कधीच छापलेला नसतो.

यातून निकाल वाढला असा दावा आम्ही करीत नाही. ती मुलगी इंग्रजीत उत्तीर्ण झाली. ती त्या गुणांनी झाली जे तिला त्या तासाआधीही मिळतच होते. एवढे मात्र खरे की पुढच्या आठवड्यात सरावाला दुसरा उतारा दिला तेव्हा, पेन्सिल हातात घेण्याआधी, तिने तो पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वेळ जास्त लागला. शेवटचा प्रश्न तिचा राहून गेला.